सिस्टर, एक विचारू का? : हातमोजे, अंगारा आणि आयसीयूतले हट्टी जंतू

मागच्या अंकात या पानावर आयसीयूतल्या, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यात कोंबड्यांच्या खाद्यातल्या औषधाचाही उल्लेख होता. त्यावर बरीच पत्रं आली. काही रागावलेली, काही घाबरलेली. मी सोलापुरात आयसीयूत स्टाफ नर्स म्हणून लागले, इन्चार्ज झाले आणि शेवटची वर्षं संसर्ग नियंत्रणाची सिस्टर म्हणून वॉर्डावॉर्डांतून लोकांच्या हातांवर नजर ठेवत फिरले. त्यामुळे औषध कोणतं नि किती, ते मला विचारू नका. ते तुमचे डॉक्टर सांगतील. नळ्या, हात, फरशी, बेसिन याबद्दल खुशाल विचारा. पत्रं थोडी छोटी केली आहेत, नावं गाळली आहेत.

वडील पक्षाघातामुळे सोलापुरात व्हेंटिलेटरवर आहेत. आठवड्यानंतर नळीतून काढलेल्या कफाच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतूंच्या तपासणीत, ‘क्लेब्सिएला’ हा जंतू आला. रिपोर्टवर एका औषधापुढे ‘एस’, बाकी सगळीकडे ‘आर’. तेव्हापासून त्यांना कोपऱ्यातल्या खोलीत हलवलंय, दारावर कागद लावलाय, आत जाताना गाऊन घालायला लावतात. आई म्हणते, यांना वाळीत टाकलं. आणि हा जंतू हॉस्पिटलनंच दिला ना? मग बिल आम्ही का भरायचं? — बार्शीहून एक मुलगा

आधी आईंची समजूत घाला. वडिलांना वाळीत टाकलेलं नाही. ‘आर’ म्हणजे त्या औषधाला जंतू दाद देत नाही, ‘एस’ म्हणजे देतो. असा जंतू सापडला की त्या पेशंटचा स्टेथोस्कोप, बीपीचा पट्टा, थर्मामीटर सगळं वेगळं ठेवतात. आत जाणारा प्रत्येक जण गाऊन आणि हातमोजे घालतो, बाहेर येताना ते तिथेच टाकतो. शेजारच्या बेडवर कुणाची तरी बायपास झालेली असते, कुणाची किडनी गेलेली असते. त्यांच्यापर्यंत जंतू जाऊ नये म्हणून ही खटपट. वडिलांच्या उपचारात किंवा सेवेत यानं काही कमी होता कामा नये. होतंय असं वाटलं तर इन्चार्ज सिस्टरांना स्पष्ट विचारा. तो तुमचा हक्क आहे.

आता जंतू आला कुठून? क्लेब्सिएला मुळात आतड्यात राहणारा. बरेच लोक तो, कधी कधी औषधाला दाद न देणारासुद्धा, पोटात घेऊनच दवाखान्यात येतात आणि त्यांना काही होत नाही. वडिलांनी तो घरून आणला, आधीच्या दवाखान्यातून आणला की इथे लागला, हे एका कल्चरवरून कुणीच सांगू शकणार नाही. पण तुमची शंका निराधार नाही. अमेरिकेत एनआयएच या सरकारी संस्थेच्या स्वतःच्या रुग्णालयात २०११ साली असा एक क्लेब्सिएला एका पेशंटबरोबर आला. त्यांनी तिला वेगळं ठेवलं, ती बरी होऊन घरीही गेली, आणि काही आठवड्यांनी तोच जंतू दुसऱ्या पेशंटमध्ये निघाला. मग तिसऱ्यात. एकूण १८ जणांना लागण झाली, ११ दगावले, त्यातले ६ थेट या जंतूमुळे. जंतूची जनुकं वाचून माग काढला तेव्हा कळलं की मधल्या काळात तो काही पेशंटांच्या पोटात गुपचूप बसून होता. बेसिनच्या मोरीत सापडला. पुसून ठेवलेल्या एका व्हेंटिलेटरवरही सापडला. पैसा, माणसं, यंत्रं कशाचीच कमी नसलेल्या ठिकाणची ही गोष्ट. म्हणून आता चांगल्या आयसीयूत बाहेरून आलेल्या पेशंटचा गुदद्वाराचा स्वॅब घेतात. तुमच्याकडे घेतला तर लाजू नका, चिडूही नका.

हा इतका हट्टी का झाला, तेही थोडक्यात. मेरोपेनेमसारखी जोरदार अँटिबायोटिकं डॉक्टर मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवायचे. त्यांचाच चुराडा करणारं एन्झाइम हे जंतू बनवू लागले. त्यातलं एनडीएम-१ नावाचं २००८ साली स्वीडनमध्ये एका पेशंटच्या लघवीतल्या क्लेब्सिएलात ओळखलं गेलं. त्या पेशंटवर आधी नवी दिल्लीत उपचार झाले होते. हे एन्झाइम बनवायची माहिती एक जंतू दुसऱ्याला देतो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही. परीक्षेत कॉपीची चिठ्ठी बाकाबाकावरून फिरावी तशी ती फिरते. आपल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२१ सालच्या अहवालात अ‍ॅसिनेटोबॅक्टर या आयसीयूतल्या दुसऱ्या त्रासदायक जंतूचे ८५ टक्क्यांहून अधिक नमुने या गटातल्या औषधांना दाद देत नव्हते.

बिलाचा निवाडा मी इथून करू शकत नाही. पण विचारायचंच असेल तर नेमकं विचारा. तुमच्याकडे संसर्ग नियंत्रण समिती आहे का? व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया, सेंट्रल लाइनमुळे (मोठ्या शिरेत टाकलेल्या नळीमुळे) रक्तात होणारा संसर्ग, लघवीच्या नळीमुळे होणारा संसर्ग, यांचे दर महिन्याचे आकडे ठेवता का? एनएबीएच या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं मानांकन असेल तर हे आकडे ठेवावेच लागतात. आकडे समोर ठेवणाऱ्या आयसीयूवर माझा विश्वास जास्त. ‘आमच्याकडे इन्फेक्शन होतच नाही’ म्हणणाऱ्यांकडे बहुधा कुणी मोजत नसतं.

तुमच्या हातात जे आहे ते असं. आत जाताना आणि बाहेर येताना हँडरब, म्हणजे हाताला चोळायचं अल्कोहोलचं द्रावण, दोन्ही वेळा. बेडवर बसायचं नाही, नळ्या सरळ करायला जायचं नाही. आणि आपल्याकडची ती सवय, वडिलांना बघून झालं की शेजारच्या बेडपाशी जाऊन ‘काका, बरं आहे का?’ म्हणत हात धरायचा, ती आयसीयूपुरती सोडायची. राउंडच्या वेळी डॉक्टरांना रोज एकच प्रश्न: यातली कुठली नळी आज काढता येईल? पाठीकडचा बेड ३० ते ४५ अंश वर आहे का आणि तोंडाची स्वच्छता होते का, हे नजरेला पडतंच. नसेल तर सिस्टरांना सांगा. उद्या पुण्याला किंवा दुसऱ्या दवाखान्यात हलवलं तर हा रिपोर्ट सगळ्यात वर ठेवून तिथल्या लोकांच्या हातात द्या. लपवू नका. सोलापुरात धाराशिवहून, विजयपुरहून, कलबुर्गीहून पेशंट येतात आणि कागद नीट नसतील तर जंतूची गोष्ट ॲम्ब्युलन्समध्येच राहते.

जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून एका खासगी आयसीयूत लागले. रात्री सहा पेशंटांमागे आम्ही दोघी. सीनियर म्हणतात, ग्लोव्हज घातलेत ना, मग हँडरब कशाला? आणि राउंडचे मोठे सर एका पेशंटवरून दुसऱ्यावर तसेच जातात. त्यांना मी काय बोलणार? — सात रस्त्याजवळून एक नर्स

अगं, ग्लोव्हज तुझ्या हाताला जपतात. पेशंटला नाही. सहा नंबरच्या पेशंटला सक्शन करून कफ ओढलास, त्याच ग्लोव्हजनी मॉनिटरचा अलार्म बंद केलास, औषधाच्या पंपाचं बटण दाबलंस, कानामागचा पेन काढून चार्ट भरलास, की जंतू सगळीकडे पोचले आणि तुझा हात मात्र कोरडा ठणठणीत. म्हणूनच ते धोक्याचे. उघड्या हाताला घाण लागली की किळस येते, ग्लोव्हजमध्ये येत नाही. शिवाय त्यांना न दिसणारी बारीक भोकं असतात आणि काढताना मनगट हमखास बरबटतं. घालण्याआधी हँडरब, काढल्यावर हँडरब, आणि एका पेशंटचे ग्लोव्हज दुसऱ्याला नाहीत. हे सीनियरना वाचून दाखव, माझं नाव सांगून.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००९मध्ये हात स्वच्छ करायच्या पाच वेळा सांगितल्या. पेशंटला हात लावण्याआधी. सुई, लाइन, सक्शन अशा निर्जंतुक कामाआधी. रक्त, कफ, लघवी लागण्याचा प्रसंग आल्यावर. पेशंटला हात लावून झाल्यावर. आणि पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. पहिल्या चार मुली घडाघडा म्हणून दाखवतात. पाचवीला चुकतात, कारण ‘मी पेशंटला हातच लावला नाही, फक्त पंप बघितला’. पण बेडचा कठडा, पंप, मॉनिटर, पडदा इथेच तर जंतू असतात. अ‍ॅसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर कित्येक आठवडे जिवंत राहतो. आपला सोलापूरचा उन्हाळासुद्धा त्याला फारसा जाणवत नाही, कारण आत एसी.

हँडरब पंजाभर घ्यायचा, थेंबभर नाही. २० ते ३० सेकंद, सुकेपर्यंत चोळायचा. अंगठा आणि बोटांची टोकं राहून जातात, ती आधी चोळ. हात उघड मळला असेल, किंवा जुलाबाचा पेशंट असेल आणि ‘सी. डिफ’ या आतड्यातल्या जंतूची शंका असेल, तर साबण आणि पाणीच, ४० ते ६० सेकंद. त्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलनं मरत नाहीत. हात फुटतात ही तक्रार खरी आहे, पण ती बहुतेक वेळा साबणानं दर वेळी धुतल्यामुळे असते. ग्लिसरीन असलेला चांगला हँडरब साबणापेक्षा हाताला सौम्य. बाटली महाग पडते असं व्यवस्थापन म्हणालं तर सांग, संघटनेचं साधं सूत्र आहे: ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्यात थोडं ग्लिसरॉल आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड. कोरोनात राज्यातल्या साखर कारखान्यांनी सॅनिटायझर केलं, तर कारखान्यांच्या या जिल्ह्यात अल्कोहोल मिळत नाही असं कसं म्हणायचं?

कोपराखाली काही नको: घड्याळ, अंगठी, बांगड्या. नवीन लग्न झालेल्या मुलींना हे सांगताना मला दर वेळी सासूबाईंशी भांडण काढल्यासारखं वाटायचं. मंगळसूत्र आत टाक, बांगड्या ड्यूटीपुरत्या डब्यात ठेव.

सहा पेशंटांमागे दोघी, यात तुझा दोष नाही. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स, हा निकष कागदावर आहे आणि तो उगाच नाही. माणसं कमी पडली की सगळ्यात आधी हात धुणंच वगळलं जातं. तरी कामाचा क्रम तुझ्या हातात आहे. एका पेशंटची कामं एकदम उरक, उठबस कमी कर. वेगळा ठेवलेला पेशंट शेवटी घे. हँडरब भिंतीवर कोपऱ्यात असेल तर प्रत्येक बेडच्या पायथ्याशी मागून घे. चार पावलं लांब असलेली बाटली रात्री तीन वाजता कुणी वापरत नाही, मीही वापरली नसती.

आता मोठे सर. अमेरिकेत तेव्हा जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात असलेले डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी सेंट्रल लाइन टाकताना पाळायच्या पाच गोष्टी काढल्या: हात धुवा, पूर्ण ड्रेप-गाऊन-मास्क वापरा, कातडी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकानं पुसा, शक्यतो जांघेत लाइन टाकू नका, गरज संपली की काढा. यात नवीन काय आहे? काहीच नाही. नवीन हे होतं की डॉक्टरांनी एखादी पायरी गाळली तर नर्सनं प्रोसिजर थांबवायची, आणि तिच्यामागे व्यवस्थापन उभं राहील असं आधीच ठरलं होतं. मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंनी हे पाळलं आणि लाइनचे संसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत कमी झाले. २००६ साली ते छापून आलं. तुला थांबवायचा अधिकार कुणी दिलेला नाही, म्हणून तू एकटीनं भांडू नकोस. मेट्रनना सांगून राउंडच्या ट्रॉलीवर हँडरब ठेवून घे. मी बोलायचेच नाही, दोन बेडच्या मध्ये बाटली पुढे करायचे. समोर बाटली धरली की मोठ्यातल्या मोठ्या सरांचा हात आपोआप पुढे येतो.

तुझ्या पत्रात बेसिनचा उल्लेख नाही, पण मला राहवत नाही. हात धुवायच्या बेसिनमध्ये सक्शनचा जार, उरलेलं फीड, सलाइन, चहा काही ओतायचं नाही. मोरीतल्या जंतूंना ती मेजवानी. कॅनडात टोरांटोच्या एका आयसीयूत स्युडोमोनास नावाच्या जंतूची लागण एकामागून एक होत राहिली; शोधल्यावर कळलं की बेसिनचा नळ थेट मोरीवर पडत होता आणि मोरीतले शिंतोडे मीटरभर उडून शेजारी मांडलेल्या सामानावर जात होते. बेसिनशेजारी औषधं भरायची नाहीत. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, सगळी भिस्त टाकीवर. टाकी कधी धुतली ते विचारत जा, आणि पाणी नसलं तर बादली-मग काढण्यापेक्षा हँडरब बरा. हात पुसायला खुंटीवरचा टॉवेल नको. सोलापूरचा टॉवेल जगभर जातो, मलाही अभिमान आहे. पण आयसीयूत ओला टॉवेल पाळीभर लटकत राहिला की सगळ्यांचे जंतू सगळ्यांना. कागदी वापरायचा नि टाकायचा.

दीर आयसीयूत आहेत. सिद्धेश्वराचा अंगारा आणि पंढरपूरचं तीर्थ नेलं तर सिस्टर आत घेऊ देईनात. चप्पल मात्र बाहेर काढायला लावतात. देवाचं चालत नाही होय? — जुळे सोलापुरातून एक वहिनी

वहिनी, घशात नळी असलेल्या माणसाच्या तोंडात चमचाभर पाणीही फुप्फुसात उतरू शकतं. तीर्थ नकोच, कुठलंही. अंगाऱ्याची पूड मानेतल्या लाइनच्या पट्टीवर पडली तर पंचाईत. छोट्या प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद करून, वरून पुसून सिस्टरांकडे द्या; बेडच्या डोक्याशी लावून ठेवायला बहुतेक जणी तयार होतात. मी तयार व्हायचे. कपाळाला घरी आल्यावर लावा.

चपलेबद्दल मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. चप्पल काढल्यानं फरशी जरा कमी मळते, जंतूंचा प्रवास त्यानं फारसा थांबत नाही. उलट माणसं वाकून हातानं पट्टा सोडतात आणि त्याच हातानं आत जाऊन पेशंटचा गाल कुरवाळतात. काढायची तर काढा, पण त्यानंतर हँडरब घ्या.

आईला महिनाभर लघवीची नळी आहे. कल्चरमध्ये एक लाखाच्या वर जंतू आले, तरी डॉक्टर अँटिबायोटिक देत नाहीत. ताप नाही. दुसरीकडे न्यावं का? — अक्कलकोट

नेऊ नका. तुमचे डॉक्टर जाणते आहेत. महिनाभर नळी राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू येतात. ते तिथे असणं वेगळं आणि त्यांनी आजार करणं वेगळं. ताप नाही, थंडी वाजत नाही, तरी औषध दिलं तर कमकुवत जंतू मरतात, हट्टी तेवढे उरतात. खरोखर गरज पडेल तेव्हा तेच औषध चालत नाही. गरोदर बाई असेल किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन ठरलं असेल तर गोष्ट निराळी. डॉक्टरांना ‘नळी कधी काढणार?’ हे विचारा. पिशवी कमरेखाली हवी आणि फरशीला टेकायला नको. ताप, हुडहुडी किंवा आई अचानक असंबद्ध बोलू लागली तर लगेच कळवा. आणि मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका. १ मार्च २०१४ पासून ‘एच-वन’ यादीतली अँटिबायोटिकं देताना दुकानदाराला चिठ्ठी बघून वेगळ्या रजिस्टरात नोंद करावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. तुमचा दुकानदार तसं करत नसेल तर तो तुमच्यावर उपकार करत नाहीये.

पोल्ट्रीवाल्यांना उगाच का बदनाम करता? कोंबडीच्या खाद्याचा आयसीयूशी काय संबंध? — मोहोळ

वरच्या बार्शीच्या पत्रासारख्या रिपोर्टांवर पुष्कळदा एकच औषध उरतं, ते कोलिस्टिन. तेच कोंबड्यांना वजन वाढायला खाद्यातून दिलं जायचं. असं दिलं की कोंबड्यांतले जंतू त्याला दाद देईनासे होतात आणि ते माणसांपर्यंत पोचू शकतात. केंद्र सरकारनं २०१९मध्ये ते खाद्यासाठीच्या जनावरांत बंद केलं. तुम्ही वापरत नसाल तर प्रश्नच मिटला.

आमच्या ट्रस्टचं छोटं रुग्णालय आहे, सहा बेडचा आयसीयू. फॉगिंगच्या मशीनचं कोटेशन आलंय. घ्यावं का? — पंढरपूरहून एक विश्वस्त

साहेब, नको. आयसीयूत धुरासारखी फवारणी नेहमीच्या सफाईसाठी करू नये, असंच जाणकार मार्गदर्शक सांगतात. हवेत उडालेलं औषध कठड्यावर चिकटलेल्या कफाखाली पोचत नाही. फॉर्मॅलिनची धुरी अजूनही काही ठिकाणी देतात. फॉर्मॅल्डिहाइडनं कॅन्सर होऊ शकतो हे माहीत असताना ती का द्यायची, मला कळलेलं नाही. फॉगिंगचा वास आला की विश्वस्तांना आणि नातेवाइकांना बरं वाटतं, एवढाच त्याचा उपयोग मी पाहिलाय.

हातानं पुसणं हेच खरं काम. आधी साबण-पाण्यानं मळ काढायचा, मग जंतुनाशक, आणि ते लावल्यावर बाटलीवर लिहिलेली मिनिटं पृष्ठभाग ओला राहू द्यायचा. रक्तावर किंवा घाणीवर थेट हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) ओतलं तर त्याची ताकद घाणीतच संपते. ते द्रावण रोज ताजं करा. आपल्या भागात मे महिन्यात कॅन गच्चीच्या जिन्यात ठेवतात, उन्हानं आणि उष्णतेनं ते पार बसून जातं. थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. प्रत्येक बेडला वेगळं फडकं. फरशीचा पोचा आयसीयूतला आयसीयूतच. फरशीपेक्षा कठडे, पंपाची बटणं, मॉनिटर, दाराची कडी, फोनचा रिसीव्हर, संगणकाचा कीबोर्ड यांची यादी करून भिंतीला लावा, मोठ्या अक्षरांत, मावशींना वाचता येईल अशी. कोण काय पुसतं हेही त्यात असू द्या. व्हेंटिलेटर नर्सनं पुसायचा की मावशींनी, हे ठरलेलं नसलं की तो कुणीच पुसत नाही.

पुसलं गेलं की नाही ते तपासायला एक स्वस्त युक्ती आहे. साध्या उजेडात न दिसणारं, पण अतिनील टॉर्चखाली चमकणारं जेल मिळतं. ठिपके आधी लावून ठेवायचे आणि सफाईनंतर टॉर्च मारायचा. पगार कापायला ते वापरू नका. मावशींना बरोबर घेऊन दाखवा, त्यांनाच त्यात जास्त गंमत वाटते. आणि मशीनचे पैसे वाचतील त्यातून सफाईच्या दोन मावशींना कायम करा. कंत्राटाची माणसं दर तीन महिन्यांनी बदलली की कठडा कसा पुसायचा इथपासून पुन्हा शिकवावं लागतं.